यंत्रवाक्यं प्रमाणम्?



सिंक्लेअर झेडएक्स८१ हा घरगुती संगणक १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये विक्रीला आला. सुटे भाग घेऊन घरी जोडायची तयारी असेल तर तो ५० पौंडांच्या आत मिळायचा. त्याची स्मृती फक्त १ किलोबाइट. त्यातल्या ६७२ बाइटमध्ये डेव्हिड हॉर्न यांनी बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम बसवला. कॅसलिंगसारखे काही नियम त्यात नव्हते, पण समोर माणूस बसला तर डाव रंगायचा. आज देवनागरीचं एक चिन्ह साठवायला सहसा ३ बाइट लागतात. म्हणजे हा परिच्छेदसुद्धा त्या जागेत मावणार नाही.

जुन्या यंत्रांचे गोडवे गाण्यासाठी मी हे लिहीत नाही. मला त्या काळची एक सवय महत्त्वाची वाटते. झेडएक्स८१ मध्ये पडद्यावर चित्र काढण्याचं कामही मुख्य प्रोसेसरच करायचा. प्रोग्रॅम वेगाने चालवायचा तर पडदा कोरा ठेवावा लागे. यंत्राच्या आत काय चाललं आहे हे वापरणाऱ्याला डोळ्यांनी दिसायचं. 'पीक' लिहिलं की स्मृतीच्या हव्या त्या कप्प्यातला आकडा वाचता यायचा, 'पोक' लिहिलं की बदलता यायचा. खोक्यातून येणाऱ्या पुस्तिकेच्या शेवटी कोणता आकडा म्हणजे प्रोसेसरची कोणती आज्ञा, याचा तक्ता छापलेला असे. गिऱ्हाईक तळापर्यंत उतरणार हे बनवणाऱ्यांनी गृहीतच धरलं होतं.

त्याच वर्षी आलेल्या बीबीसी मायक्रोने तर बेसिक प्रोग्रॅमच्या मधोमध, चौकटी कंसात, थेट प्रोसेसरची भाषा लिहायची सोय दिली. ते बेसिक सोफी विल्सन यांनी लिहिलं होतं. पुढे त्यांनी आणि स्टीव्ह फर्बर यांनी एआरएम प्रोसेसर घडवला. १९८५ मध्ये चालू झालेल्या त्या चिपचे वंशज आज तुमच्या-माझ्या मोबाइलमध्ये आहेत. भारतातही १९८४ मध्ये सुरू झालेल्या 'क्लास' प्रकल्पातून हेच यंत्र शाळांमध्ये पोचलं. माझा हात पहिल्यांदा लागला तो अशाच एका यंत्राला.

अशा यंत्रावर शिकलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. पडद्यावर दिसतं ते कुणीतरी लिहिलेलं असतं. म्हणून ते वाचता येतं, आणि चुकीचंही असू शकतं.

ही जाणीव समाजात नसली की काय होतं, ते ब्रिटनने पाहिलं. पोस्टाच्या 'होरायझन' या हिशेबप्रणालीत खोटी तूट दिसायची. तिच्या आधारावर १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक पोस्टचालकांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरवलं गेलं. त्यांत आपल्या उपखंडातून आलेली, कोपऱ्यावरचं दुकान चालवणारी कुटुंबंही होती. संगणक बरोबर चालत होता हे आधी सिद्ध करण्याची जुनी अट १९९९ च्या कायद्याने काढून टाकली होती. त्यामुळे यंत्र बरोबर आणि माणूस चोर, असं धरून खटले चालले. प्रणालीत दोष होते हे उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं. २०२४ मध्ये संसदेला खास कायदा करून शेकडो शिक्षा रद्द कराव्या लागल्या. तोवर कित्येकांची घरं गेली होती, काहींचे जीव गेले होते. बाबावाक्याला प्रमाण न मानणारी आपण मंडळी यंत्रवाक्यापुढे मात्र मुकाट मान डोलावतो.

मी काम करते त्या प्रयोगशाळेतही हा प्रश्न येतो. एका मापनयंत्राचं सॉफ्टवेअर कच्च्या नोंदी 'गुळगुळीत' करून मगच दाखवायचं. नेमकं काय वगळलं जातं असं विचारल्यावर उत्पादकांकडून उत्तर आलं, ते व्यापारी गुपित आहे. शोधनिबंधावर सही आमची, आकडा घडवणार दुसरा, आणि कसा घडवला ते विचारायचं नाही! शेवटी एका तरुण सहकाऱ्याने केबलमधून जाणारे बाइट वाचून कच्च्या नोंदी बाहेर काढल्या. त्याला जुने घरगुती संगणक दुरुस्त करायचा नाद आहे. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही.

यावर कुणी म्हणेल, आजचं सॉफ्टवेअर थरांवर थर रचल्याशिवाय उभंच राहणार नाही, आणि बँकेचं खातं सुरक्षित ठेवायला कुलपंही हवीत. दोन्ही मान्य. प्रत्येकाने असेंब्ली शिकावी असं मीही म्हणत नाही. पण थर असणं वेगळं आणि खाली डोकावायला मनाई असणं वेगळं. कुलूप घराला असावं, पण किल्ली घरमालकाकडे नको का? आता तर कृत्रिम बुद्धिमत्ता मागाल तो कोड लिहून देते. अशा वेळी लिहिणाऱ्यांपेक्षा तपासून वाचणाऱ्यांची गरज वाढणार आहे.

उपाय महाग नाहीत. रास्पबेरी पाय २०१२ मध्ये केंब्रिजमध्ये जन्मला तो याच जुन्या सवयीला पुन्हा खतपाणी घालण्यासाठी. बीबीसीने २०१६ मध्ये 'मायक्रोबिट' शाळकरी मुलांना फुकट वाटले. आपल्या मुलांना महागडा टॅब्लेट देतोच आहोत, तर सोबत मोडायची परवानगी असलेलं एक स्वस्त यंत्रही द्यावं. आणि आपण मोठ्यांनी, आपण ज्या संस्थांत निर्णय घेतो तिथे, कुठलीही प्रणाली विकत घेण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा: हिचं उत्तर चुकलं तर ते तपासायचा अधिकार कुणाला आहे? उत्तर "कुणालाच नाही" असं आलं, तर सही करू नये.