नेम हवा नेमका



प्रतिजैविकांना दाद न देणारे जीवाणू वाढत आहेत, हे तुम्ही वाचले असेलच. एका जागतिक पाहणीनुसार २०१९ साली त्यांच्यामुळे सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली. मग एकाच वेळी पुष्कळ जातींचे जीवाणू मारणारे औषध शोधावे, असे कोणालाही वाटेल. माझे मत उलट आहे.

जीवाणू आपसांत कसे लढतात ते पाहा. एश्चेरिशिया कोलाय या जीवाणूचा एक वाण आपल्याच जातीच्या दुसऱ्या वाणाला मारणारा पदार्थ तयार करतो, असे १९२५ साली बेल्जियमच्या आंद्रे ग्राशिया यांना आढळले. अशा प्रथिनांना बॅक्टेरिओसिन म्हणतात. त्यांतील बरीचशी जवळच्या भाऊबंदांनाच मारतात. भाऊबंदकीच म्हणा ना!

यांपैकी निसिनचा पल्ला त्यामानाने मोठा आहे. दूध आंबवणाऱ्या लॅक्टोकॉकस लॅक्टिसपासून ते मिळते. चीज टिकवण्यासाठी त्याच्या वापराला अमेरिकेने १९८८ साली मान्यता दिली. ते जीवाणूच्या पटलाला भोके पाडते. मी पदार्थविज्ञानाचा शिक्षक, म्हणून एक गणित घालतो. पटलाची जाडी सुमारे ५ नॅनोमीटर आणि त्याच्या दोन बाजूंमधील विभवांतर सुमारे ०.१ व्होल्ट. भागाकार करा: दर मीटरला २ कोटी व्होल्ट! हवेत ठिणगी पडायला सुमारे ३० लाख पुरतात. भोक पडताच आयन वाहू लागतात, ही चिमुकली विद्युत्‌घटमाला रिकामी होते आणि जीवाणू मरतो.

सरसकट मारा करणारे औषध आतड्यातील उपयुक्त जीवाणूंनाही मारते. मोकळ्या झालेल्या जागेत दाद न देणारे जीवाणू फोफावतात. म्हणून नेमका मारा हा मला दोष नव्हे, गुण वाटतो.

अडचणी आहेतच. पोटात घेतलेले प्रथिन पाचकरस पचवून टाकतात. यांनाही न जुमानणारे जीवाणू निपजू शकतात. शिवाय नेम धरायचा तर शत्रू कोण, हे आधी कळले पाहिजे. म्हणून नव्या औषधांइतकाच पैसा झटपट रोगनिदानावर खर्च व्हावा, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

आणि हो, दही खाऊन न्यूमोनिया बरा होत नाही! हाती आहेत ती प्रतिजैविके डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या. साधी सर्दी विषाणूंमुळे होते, तिच्यावर ती वाया घालवू नका. नवी शस्त्रे तयार होईपर्यंत जुनी बोथट होऊ न देणे तुमच्या-माझ्या हाती आहे.