पैसे अजून आले नाहीत

आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत काही पत्रे अशी असतात की, त्यांचे उत्तर टपालात पडले तरी ती मनातून जात नाहीत. 2020 च्या डिसेंबरात, नाताळाच्या आठवडाभर आधी, जालना जिल्ह्यातील एका खेड्यातून आलेले एका भगिनीचे पत्र त्यांपैकीच होते. वहीच्या फाडलेल्या पानावर तिने लिहिले होते, ‘आमचे हे हैदराबादेस जीडीमेटल्याच्या एका कारखान्यात तीन वर्षे होते. टाळेबंदीत गावी आले. जुलैत मालकाने काम नाही म्हणून कळविले. बेकारीचे पैसे मिळतात असे कोणी सांगितले, म्हणून सप्टेंबरात अर्ज केला. पैसे अजून आले नाहीत. येणार आहेत की नाहीत एवढे तरी कळवा. वाट पाहावी की आशा सोडावी?’

आम्ही तिला त्या वेळी खाजगी उत्तर धाडले. परंतु असेच प्रश्न अद्यापही येत असतात, म्हणून आजचे पान त्या विषयाला देत आहोत. मराठवाड्याच्या माणसाला हैदराबाद कधीच परके नव्हते. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत मराठवाडा त्याच राज्यात होता. निजामाच्या राजवटीत घातलेल्या मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गाने आजही कितीतरी घरांतील कर्ते पुरुष सनतनगर, बालानगर, जीडीमेटला, पाटणचेरू ह्या कारखान्यांच्या वस्त्यांत पोट भरावयास जातात. गावात राहणाऱ्या घरच्या माणसांना मात्र त्या कारखान्याचे नावदेखील धड ठाऊक नसते. कार्ड, पावती, खात्याचा क्रमांक ही सारी त्या एका माणसाच्या खिशात असतात. आणि एके दिवशी तो माणूस पिशवी खांद्याला लावून अंगणात येऊन उभा राहतो.

हा पैसा आहे तरी कोणता, हे आधी समजून घेऊ. 1944 साली प्राध्यापक बी. पी. अडारकर ह्यांनी कारखान्यातील कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना सरकारला सादर केली. तिच्यातून 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूर व दिल्ली येथे त्याचा आरंभ झाला. आपले लोक त्याला ‘ईएसआय’ म्हणतात. आजारपण, बाळंतपण, कामावरील अपघात ह्यांची सोय त्यात होती. बेकारीची मात्र पुष्कळ वर्षे नव्हती. ती प्रथम 1 एप्रिल 2005 पासून राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेने झाली, पण तीही कारखाना बंद पडला, कामगारकपात झाली किंवा कायमचे अपंगत्व आले तरच. पुढे 1 जुलै 2018 पासून अटल बीमित व्यक्ति कल्याण योजना सुरू झाली. आमच्या भगिनीच्या यजमानांनी अर्ज केला तो ह्याच दुसऱ्या योजनेत.

आता हिशेब. त्यांचा पगार दरमहा 14,600 रुपये होता. मागील चार वर्गणीकाळांची, म्हणजे दोन वर्षांची, मिळकत 3,50,400 रुपये झाली. तिला 730 दिवसांनी भागले की रोजचे 480 रुपये येतात. आरंभी योजनेत ह्याचा चौथा हिस्सा मिळत असे आणि तोही बेकारीचे 90 दिवस लोटल्यावर. 2020 च्या ऑगस्टात, महामारीमुळे, नियम सैल करण्यात आले. 24 मार्च 2020 पासून काम गमावलेल्यांना निम्मा हिस्सा आणि तो 30 दिवसांनंतर, असे ठरले. मालकामार्फत अर्ज धाडण्याची अटही काढली. तेव्हा रोजचे 240 रुपये, जास्तीत जास्त 90 दिवसांचे, म्हणजे 21,600 रुपये. आयुष्यातून एकदाच. ज्या घरात दोन लेकरे आणि एक म्हातारी आई आहे, त्या घराला ही रक्कम म्हणजे काय हे आम्ही सांगावयास नको.

तथापि तिच्या पत्रात आणखी एक ओळ होती आणि ती आम्हांला अधिक बोचली. ‘ह्यांना लाज वाटते. म्हणतात, धडधाकट माणसाने सरकारपुढे हात पसरावा हे बरे नव्हे.’ बेकारीचा पैसा म्हणजे भिक्षा, ही समजूत पुष्कळ घरांत आहे आणि ती चुकीची आहे. विम्याची वर्गणी ह्या माणसाच्या पगारातूनच दरमहा कापली जात होती. 1 जुलै 2019 पूर्वी शेकडा पावणेदोन आणि त्यानंतर शेकडा पाऊण. चौदा हजार सहाशेवर पाऊण टक्का म्हणजे 109 रुपये 50 पैसे. त्यात मालकाने सव्वातीन टक्क्यांप्रमाणे 474 रुपये 50 पैसे घालावयाचे. पीक बुडाल्यावर पीकविम्याचे पैसे घेताना कोणी शेतकरी मान खाली घालीत नाही. मग मजुराने का घालावी? इंग्लंडात 1911 सालीच असा कायदा झाला. तेथील कामगाराला आठवड्यास 7 शिलिंग, वर्षात अधिकात अधिक 15 आठवडे मिळू लागले. वर्गणीत कामगार, मालक व सरकार असे तिघांचे वाटे होते. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी 1981 च्या ‘लाबोरेम एक्सर्चेन्स’ ह्या पत्रात बेकार कामगाराच्या कुटुंबाच्या निर्वाहाची तरतूद करणे हे कर्तव्य असल्याचे म्हटले आहे आणि त्याचे मूळ दयेत नव्हे, तर सृष्टीतील संपत्ती सर्वांसाठी आहे ह्या तत्त्वात दाखविले आहे. द्राक्षमळ्याच्या दाखल्यातील बाजारात दिवसभर उभे राहिलेले मजूर आपण दरवर्षी ऐकतो. ते आळशी होते असे धन्याने म्हटले नाही.

असो. पैसे का आले नाहीत, हा मूळ प्रश्न. नव्या नियमाप्रमाणे अर्ज दिल्यापासून 15 दिवसांत रक्कम खात्यात पडावयाची होती. तीन महिने लोटले, तर अर्ज कोठेतरी अडला आहे असे समजावे आणि स्वस्थ बसू नये. आम्ही तिला यजमानांचे विमाकार्ड, आधारपत्र आणि बँकेचे पुस्तक शेजारी शेजारी ठेवून पाहावयास सांगितले. एवढेच केले आणि दोन्ही गाठी सापडल्या.

पहिली गाठ नावाची. तेलंगणात आडनाव आधी आणि तेही बहुधा एका अक्षरात लिहिण्याची रीत आहे. कारखान्याच्या कारकुनाने यजमानांचे नाव त्या रीतीने चढविले होते. आधारपत्रावर मात्र आपल्या रीतीने नाव, वडिलांचे नाव, आडनाव. योजनेत लाभ मिळावयाचा तर विमाधारकाच्या नोंदीस आधार आणि बँकखाते जोडलेले हवे, आणि एका दप्तरातील माणूस दुसऱ्या दप्तरात ओळखता आला नाही तर जोडणार कसे? आपल्या ख्रिस्ती घरांत तर ही अडचण दुप्पट. बाप्तिस्म्याच्या नोंदीत संताचे नाव, शाळेच्या दाखल्यावर गावातले, घरी हाक मारावयाचे तिसरेच. एरव्ही ह्यात काही वावगे नाही, पण कागदाला इतकी नावे पेलत नाहीत. कामावर लागताना आधारावर आहे तेच नाव, त्याच क्रमाने आणि त्याच अक्षरांनी लिहवून घ्यावे. धर्मगुरूंकडून दाखला आणण्याचीही वेळ मग येत नाही.

दुसरी गाठ ऐकून आम्हांला हसावे की रडावे कळेना. अर्जात जोडलेले बँकेचे पुस्तक स्टेट बँक ऑफ हैदराबादचे होते. ही बँक निजामाच्या राज्यात 1941 साली निघाली. मराठवाड्यातील गावोगावच्या तिच्या शाखांत आपल्या वडीलधाऱ्यांनी खाती उघडली आणि तिची पुस्तके ट्रंकेत जपून ठेवली. पण 1 एप्रिल 2017 रोजी ती बँक भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली आणि शाखांचे संकेतांक बदलले. खाते जिवंत होते. पुस्तकावरचा संकेतांक मात्र मेलेल्या बँकेचा होता. ज्यांच्या पेटीत अशी जुनी पुस्तके आहेत त्यांनी, बेकारी असो वा नसो, शाखेत जाऊन नवे पुस्तक करून घ्यावे. हैदराबादेत आंध्र बँकेत खाते असणाऱ्यांनाही हेच सांगणे. ती बँक 1 एप्रिल 2020 रोजी युनियन बँकेत गेली.

एक तिसरी गोष्टही तिच्या पुढच्या पत्रातून उमगली. अर्ज संगणकावर भरून देणाऱ्या एका इसमाने दोन हजार रुपये मागितले होते, पाचशे घेतले होते आणि अर्जात भ्रमणध्वनीचा क्रमांक स्वतःचाच घातला होता! अर्जाबाबत येणारा प्रत्येक निरोप त्याच्याकडे जात होता. ह्या अर्जाला सरकारी फी नाही. शाखा कार्यालयात तो स्वतः नेऊन देता येतो. प्रतिज्ञापत्राची अटसुद्धा 2020 च्या नोव्हेंबरात काढून टाकण्यात आली. घरात शिकणारा मुलगा किंवा मुलगी असेल तर अर्ज त्यांच्याकडून भरवून घ्यावा आणि क्रमांक आपलाच घालावा.

इतर वाचकांच्या दोन शंकांचा उलगडा येथेच करतो. अर्ज केव्हा करावा? पुढच्या महिन्याची बेकारी आज मागता येत नाही. बेकारीत गेलेल्या पूर्ण महिन्याचेच मागावयाचे. आणि काम सुटल्यापासून एक वर्ष उलटले की मागणीच उरत नाही. लाजेने किंवा आज करू, उद्या करू म्हणून दिवस घालविणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे. दुसरी शंका राजीनाम्याची. कामावरून कमी करताना काही ठिकाणी ‘स्वखुशीने जात आहे’ अशा कागदावर सही मागतात. आपण होऊन काम सोडणाऱ्याला ही मदत नाही. गैरवर्तनाबद्दल काढलेल्याला नाही. वयोमानाने निवृत्त झालेल्यालाही नाही. तेव्हा वाचता येत नसलेल्या कागदावर सही करण्यापूर्वी तो कोणा जाणत्याकडून वाचवून घ्यावा. मालकाने सेवा सुटल्याची तारीख आणि कारण काय नोंदविले आहे, हेही विचारावे. पुष्कळदा मालकाचा त्यात दुष्टावा नसतो. कारकुनाने ‘रजेवर’ असे लिहिलेले तसेच राहून जाते. पण रजेवर असलेला माणूस बेकार कसा ठरावा?

दरम्यान खावयाचे काय? भगिनीने विचारले होते, ‘पैसे येणारच असतील तर त्यांच्या भरवशावर सावकाराकडून घ्यावे काय?’ आम्ही स्पष्ट लिहिले की घेऊ नये. आलेच तर एकवीस हजार येणार आणि सावकाराचे व्याज त्यांच्याआधी घरात शिरणार. बचतगटाकडून थोडके घ्यावे, किराणा दुकानदाराला खरी परिस्थिती सांगावी आणि गावात रोजगार हमीचे काम मागावे. महाराष्ट्राला ही हमी नवी नाही. वि. स. पागे ह्यांच्या कल्पनेतून, 1972 च्या दुष्काळात ती राज्यभर उभी राहिली आणि 1977 साली तिचा कायदा झाला. पुढे 2005 च्या केंद्रीय कायद्यात असे कलम आले की, मागणी केल्यापासून 15 दिवसांत काम न मिळाल्यास बेकारभत्ता द्यावा. पहिले 30 दिवस मजुरीच्या निदान चतुर्थांश आणि पुढे निदान निम्मा. पण हे 15 दिवस मोजावयाचे कोठून? काम मागितल्याच्या पावतीवरील तारखेपासून. लोक तोंडी मागतात, तोंडी ‘पाहू’ ऐकतात आणि घरी येतात. पावतीवाचून भत्त्याचा दिवस उजाडतच नाही. आमच्या भगिनीच्या सासूबाईंना हे एकदम पटले. त्यांनी म्हणे ग्रामपंचायतीच्या पायरीवर बसूनच पावती मिळविली.

आज कोणी अर्ज करणार असेल त्याला एक सूचना. वर दिलेले दर 2020 सालचे आहेत. ही योजना मुदतीची होती आणि मुदत वेळोवेळी वाढत गेली. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षेची नवी संहिता अंमलात आली आणि 1948 चा कायदा तिच्यात सामावला गेला. म्हणून शाखा कार्यालयात गेल्यावर आधी योजना चालू आहे काय आणि आजचा दर काय, हे विचारावे आणि मगच कागद काढावे. कारखानाच बंद झाला असेल तर श्रमिक कल्याण योजनेविषयी निराळे विचारावे. तिचा काळ अधिक लांब असतो आणि त्या काळात कुटुंबाला दवाखान्याची सोयही राहते. भविष्य निधीचा पैसा ह्या दोहोंहून वेगळा. तो आपलाच साठविलेला असतो आणि म्हातारपणाचा असतो. पुष्कळजण एकीकडचा अर्ज करून दुसरीकडच्या पैशाची वाट पाहतात.

त्या भगिनीचे यजमान जानेवारीत हैदराबादेस गेले आणि एका नातलगाकडे चार दिवस राहून त्यांनी नाव, संकेतांक व भ्रमणध्वनीचा क्रमांक सारे दुरुस्त करवून घेतले. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात तिचे पत्र आले. 21,600 रुपये जमा झाले होते. दुकानदाराचे नऊ हजार तिने त्याच दिवशी फेडले, बचतगटाचे चार हजार दिले, आणि उरलेल्यातून गाडीभाडे बाजूस काढले, कारण यजमानांना पाटणचेरूच्या दुसऱ्या एका कारखान्यात मार्चपासून काम मिळाले होते. पत्राच्या कडेला, जागा उरली नव्हती तेथे, आडव्या ओळींत तिने पुढे लिहिले होते, ‘नव्या ठिकाणीही कारकुनाने आडनाव आधी घातले. ह्यांनी तेथेच उभे राहून आधारपत्र पुढे केले आणि पुन्हा लिहवून घेतले. तोवर मागची रांग खोळंबली, पण कोणी काही बोलले नाही.’