जुगाराच्या गावातले लग्न

वाचकहो, गेल्या मार्चमध्ये मी एका लग्नाला गेलो होतो. नवरदेव चौसष्ट वर्षांचा, नवरी साठीची, आणि लग्नाचे ठिकाण अमेरिकेतील लास व्हेगस, म्हणजे जुगाराबद्दल जगभर नाव असलेले शहर. हे वाचून तुमच्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. खरे सांगायचे तर बोलावणे आले तेव्हा माझ्याही पडल्या होत्या.

नवरदेव माझा जुना मित्र. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयात असताना आम्ही एका खोलीत राहिलो. पुढे तो कॅलिफोर्नियात गेला आणि तिकडचाच झाला. सहा वर्षांपूर्वी त्याची बायको वारली. त्या माउलीच्या हातचे पिठले-भाकरी मी कितीदा तरी खाल्ले आहे. मी लॉस एंजेलिसला लेकीकडे आलो आहे हे कळताच त्याचा फोन आला. "अरे, मी लग्न करतोय. एक साक्षीदार लागतो. तो तू हो." मला काय बोलावे ते सुचेना. मग तोच म्हणाला, "गावी येऊनच करणार होतो. पण लोक काय म्हणतील, या भीतीने दोन वर्षे गेली."

शनिवारी पहाटे आम्ही त्याच्या मोटारीने निघालो. सव्वाचारशे किलोमीटरचा रस्ता. घाट चढून वर आले की मोहावीचे वाळवंट लागते, ते पार शेवटपर्यंत. नवरी मूळची नागपूरची, निवृत्त परिचारिका. त्यांचेही यजमान वारलेले. वाटेत चहाला थांबलो तेव्हा त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, ताईंचा फोटो भिंतीवर आहे तिथेच राहणार. आमच्या ह्यांचाही शेजारी लागेल." माझ्या मनातला अर्धा गुंता तेथेच सुटला.

लास व्हेगस या स्पॅनिश नावाचा अर्थ आहे 'कुरणे'. पूर्वी तेथे झरे होते, त्यांच्या पाण्यावर गवत वाढे. १९०५ साली रेल्वे कंपनीने प्लॉट पाडून लिलाव केला आणि गाव वसले. १९३१ साली नेवाडा राज्याने जुगाराला कायद्याने परवानगी दिली. त्याच साली जवळच कोलोरॅडो नदीवर हूव्हर धरणाचे काम सुरू झाले. तेथे वर्षाकाठी पाऊस पडतो जेमतेम शंभर मिलिमीटर. म्हणून घरातले सांडपाणी शुद्ध करून परत धरणाच्या जलाशयात सोडतात, आणि निव्वळ शोभेची हिरवळ काढून टाकण्याचा कायदा २०२१ साली झाला. पाण्याचा हिशेब चोख, जुगार फक्त पैशाचा!

लग्नाच्या परवान्याची कचेरी सकाळी आठपासून मध्यरात्रीपर्यंत उघडी असते, सणावारालाही. दोघांनी समक्ष जायचे, ओळखीचे कागद दाखवायचे, १०२ डॉलर भरायचे. मुदत थांबावे लागत नाही. मग एका लहानशा लग्नघरात अधिकारी बाईंनी दोघांना संमती विचारली, दोघांनी होकार दिला, हार घातले. मी लेकीच्या घरून पुडीत बांधून आणलेल्या अक्षता टाकल्या. साक्षीदार म्हणून माझे नाव लिहून घेतले. अवघी पंधरा मिनिटे. मित्राचे डोळे भरून आले होते, आणि माझेही.

रात्री मुक्कामाच्या हॉटेलात खोलीकडे जाण्याची वाट जुगाराच्या दालनातूनच होती. एका टेबलापाशी मी थांबलो. एक चक्र फिरते, त्यात गोळी सोडतात. चक्राला ३८ खण: १८ लाल, १८ काळे, २ हिरवे. लालवर लावले आणि लाल आले तर दामदुप्पट. वरवर पाहता बरोबरीचा सौदा वाटतो. पण हिशेब करा. शंभर-शंभर रुपयांचे ३८ डाव खेळलात तर सरासरीने १८ जिंकाल आणि २० हराल. म्हणजे ३८०० रुपये मांडून २०० गेले, शेकडा सव्वापाच रुपये. ते दोन हिरवे खण मालकाचे. एखाद्या रात्री खेळणारा जिंकतोही, पण रोज हजारो डाव होतात आणि मालकाचा वाटा चुकत नाही. खेळणारा नशीब पाहतो, मांडणारा फक्त हिशेब पाहतो. आपल्याकडच्या मटक्याचीही तीच गत.

परतीच्या वाटेवर माझ्या मनात एकच विचार घोळत होता. आपल्या घरच्या लग्नात हे हिरवे खण कोणाचे? एकरभर रान गहाण पडते, सोसायटीचे पीककर्ज मांडवात जाते. सावकाराला व्याज मिळते, मांडववाल्याला, बँडवाल्याला भाडे मिळते. नवरा-नवरीचा संसार सुखाचा होवो न होवो, त्यांचा वाटा ठरलेला. लोक जेवून जातात, भाजीत मीठ कमी होते म्हणतात आणि विसरतात. फेडत बसतो तो बाप.

आणि एकटी पडलेली माणसे? चाळिशीतली विधवा सून, साठीतला विधुर काका? त्यांची उरलेली वर्षे आपण लोकांच्या बोलण्यापायी डावाला लावतो. बोलणाऱ्याचे काही जात नाही.

यासाठी वाळवंटात जायला नको. आपल्याकडे १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात तीस दिवस वास्तव्य हवे. विवाह अधिकाऱ्याकडे तीस दिवसांची नोटीस द्यायची, मग तीन साक्षीदार घेऊन सह्या करायच्या. खर्च थोडका. वाटल्यास घरी येऊन देवापुढे हार घाला, चार जिवाभावाच्यांना पुरणपोळी वाढा.

लग्न पाहावे करून म्हणतात ते खरेच. पण करण्यापूर्वी एकदा कागद-पेन्सिल घेऊन बसा आणि कारभारणीलाही शेजारी बसवा. आणि घरात कोणी एकटे असेल, तर आज रात्री जेवताना त्याला मोकळेपणाने विचारा. साक्षीदार व्हायला बोलावले तर मी येईन, अक्षता घेऊन.