वाटाड्या पारखून घ्यावा

पावसाळा सरला, घाटरस्ते मोकळे झाले की आमच्या मुलखात पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. कोल्हापूर, सांगली, बेळगाव, पुणे, मुंबई अशा ठिकाणांहून आलेल्या गाड्या दिवाळीच्या सुटीत जुन्या गोव्याच्या चौकात एकीला एक लागून उभ्या असतात. या पाहुण्यांत मराठी बोलणारांचा भरणा मोठा. चार दिवस राहून परत निघालेल्या एखाद्या सद्गृहस्थाला जुन्या गोव्यात काय पाहिले असे विचारावे, तर उत्तर बहुधा ठरलेले असते. दोन मोठी चर्चे पाहिली, शवाची पेटी पाहिली, येताना काजू घेतले. 1530 पासून 1843 पर्यंत जे शहर पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील साम्राज्याची राजधानी होते आणि त्यापूर्वी आदिलशाहीचे भरभराटीचे बंदर होते, त्याचा हिशेब एवढ्यातच आटोपतो. दोष पाहुण्याचा नाही. जे दाखविले ते त्याने पाहिले, जे सांगितले ते ऐकले. लग्नाला भटजी आणि घराला गवंडी ठरविताना चार ठिकाणी चौकशी करणारी आपली माणसे, ऐतिहासिक नगरी दाखविणारा वाटाड्या मात्र जो पहिला पुढे येईल तो पत्करतात. या बेफिकिरीविषयी चार शब्द लिहिणे आम्हांला अगत्याचे वाटते.

प्रथम त्या एका दिवसाच्या ‘दर्शना’चा विचार करू. सकाळी गाडी जुन्या गोव्यात थांबते. अर्ध्या-पाऊण तासात बॉम जेझू आणि से कथेड्रल उरकून मंडळी पुन्हा गाडीत बसतात. तिथून गाडी फोंड्याच्या वाटेला लागते. मंगेशी होते, कवळ्याची शांतादुर्गा होते, प्रसाद घेऊन संध्याकाळी सर्वजण दोनापावलच्या धक्क्यावर पोचतात. एकाच रस्त्यावर, एकाच सकाळी ही दोन्ही दृश्ये पाहणाऱ्या प्रवाशाला त्यांच्यामधला धागा कोणी उलगडून दाखवीत नाही. मंगेशाचे मूळ स्थान प्रियोळला नव्हते, ते कुशस्थळीला, आजच्या कुठ्ठाळीला होते. शांतादुर्गा केळोशीची, म्हाळसा वेर्ण्याची. 1543 मध्ये साष्टी आणि बारदेश पोर्तुगीजांच्या हाती गेले, पुढल्या काही दशकांत तिथली देवळे पाडली गेली, आणि भाविकांनी रातोरात देव उचलून नदीपलीकडे अंत्रुज महालात नेले. जुन्या गोव्यातून सुटलेले फर्मान आणि मंगेशीच्या दीपमाळेची ज्योत ही एकाच कथेची दोन पाने आहेत. ती एकत्र वाचून दाखवील तो वाटाड्या. बाकीचे नुसते गाडीतले ध्वनिक्षेपक.

ही कथा पुरती सांगायची तर आणखी एक गोष्ट सांगावी लागते, आणि ती आपल्यातल्या पुष्कळांच्या सोयीची नाही. ज्या अंत्रुज महालात आपले देव गेले तो त्या वेळी आदिलशाहीच्या हद्दीत होता. म्हणजे आपल्या कुलदैवतांना आसरा मिळाला तो एका मुसलमान सुलतानाच्या मुलखात. त्याचप्रमाणे 1510 मध्ये आल्बुकर्कला गोव्यावर चालून येण्यास ज्याने उत्तेजन दिले आणि साहाय्य केले, तो होनावरचा तिमोजा हिंदू होता. 25 नोव्हेंबर 1510 रोजी शहर पडल्यावर तिथल्या मुसलमान रहिवाशांची जी कत्तल झाली, तिची हकीकत खुद्द आल्बुकर्कने आपल्या राजाला पत्राने कळविली आहे. इतिहास असा गुंतागुंतीचा असतो. तो ऐकणाऱ्याला केव्हा सुखावतो, केव्हा बोचतो. नुसता सुखावणारा इतिहास सांगणारा मनुष्य वाटाड्या नसतो, तो गिऱ्हाईक ओळखणारा दुकानदार असतो.

असे दुकानदार दोन्ही बाजूंना आहेत. एका प्रकारच्या वाटाड्याचा गोवा 1510 साली जन्माला येतो. त्यापूर्वी येथे जणू केवळ जंगल आणि मासळी होती. कदंबांचे नाव त्याला ठाऊक नसते. सेंट कॅजेटनच्या आवारात उभ्या असलेल्या, आदिलशहाच्या वाड्याचा शेष मानल्या जाणाऱ्या दरवाजाकडे तो कोणाला नेत नाही. इन्क्विझिशनचा विषय निघाला की त्याला एकाएकी गाडीची वेळ आठवते. दुसऱ्या प्रकारच्या वाटाड्याला इन्क्विझिशनवाचून दुसरे काही सांगताच येत नाही, आणि जे सांगतो त्यातही तिखटमीठ अधिक. उलट सुलट दोन्हींचा परिणाम एकच: पाहुणा अज्ञानी आला तसा अज्ञानी परततो, फक्त मधल्या वेळात त्याचे मन कुठल्यातरी एका बाजूला कलते.

जुन्या गोव्यातल्या ‘हातकातरो खांबा’चेच उदाहरण घ्या. रस्त्याच्या मध्यावर वाहनांच्या धुरळ्यात उभा असलेला हा काळा पाषाण कोणाच्या सहसा दृष्टीस पडत नाही. पडलाच तर, बाटण्यास नकार देणाऱ्यांचे हात येथे तोडीत, एवढे एक वाक्य सांगून वाटाड्या मोकळा होतो. पोर्तुगीजांच्या बहुतेक शहरांत गुन्हेगारांना जाहीर शिक्षा देण्यासाठी असा एक खांब उभारलेला असे, आणि हा खांब त्यांपैकीच असावा असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. त्याचा दगड एखाद्या भग्न देवळातून आणलेला असावा, असेही मानले जाते. लोकांच्या स्मरणात राहिलेले नाव आणि कागदपत्रांतून निघणारा अर्थ यांत अंतर असेल, तर ते अंतरही सांगितले पाहिजे. लोकस्मृती खोटी म्हणून टाकून देऊ नये, आणि दस्तऐवज म्हणून हाती घेऊही नये. ‘लोक असे म्हणतात’ आणि ‘कागदात असे आहे’ ही दोन वाक्ये जो वेगवेगळी उच्चारतो, त्याच्यामागे खुशाल जावे.

फ्रान्सिस झेवियरच्या बाबतीतही हेच. 2024 च्या ऑक्टोबरात, शवप्रदर्शनाच्या तोंडावर, एका वक्तव्यावरून या राज्यात रस्ते अडविले गेले आणि पोलीस ठाण्यांवर मोर्चे गेले. पुढे 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 या काळात प्रदर्शन पार पडले. त्या गदारोळात दोन साध्या गोष्टी शांतपणे सांगणारा आवाज मात्र क्षीण होता. झेवियरने 1546 मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन असावे अशी मागणी केली होती, ही एक. ते न्यायासन येथे स्थापन झाले 1560 मध्ये, आणि झेवियर चीनच्या किनाऱ्यालगतच्या बेटावर 1552 मध्येच निवर्तला होता, ही दुसरी. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पहिली लपविणारा आणि दुसरी गिळणारा, दोघेही सारखेच अपुरे. ‘गोंयचो सायब’ म्हणून त्या पेटीसमोर हात जोडणाऱ्यांत हिंदूही असतात, हे आम्ही जाणतो. श्रद्धेचा मान राखूनही सन आणि तारखा सांगता येतात.

या नगरीत सांगण्याजोगे काय कमी आहे? हिंदुस्थानात छापखाना प्रथम आला तो येथे, सेंट पॉल कॉलेजात, 1556 साली. गार्सिया द ओर्ताचा येथल्या औषधी वनस्पतींवरील ग्रंथ 1563 मध्ये येथेच छापला गेला. तो मूळचा ज्यू घराण्यातला, म्हणून त्याच्या मृत्यूनंतर, 1580 मध्ये, इन्क्विझिशनने त्याची हाडे उकरून जाळली. ज्या शहराने ग्रंथ छापला त्याच शहराने ग्रंथकाराची हाडे जाळली, एवढे एक सांगितले तरी ऐकणारा अंतर्मुख होईल. इंग्लंडातून 1579 मध्ये आलेल्या थॉमस स्टीफन्स नावाच्या पाद्र्याने मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले, ते 1616 मध्ये राशोलला छापले गेले. मराठी पाहुण्याला हे कोणी का सांगू नये? सेंट ऑगस्टीनच्या पडक्या मनोऱ्यापाशी जॉर्जियाच्या केटेवन राणीचे अवशेष मिळाले, हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी ते तपासले, आणि 2021 मध्ये भारत सरकारने त्यांपैकी काही त्या देशाला सन्मानाने अर्पण केले. बहुतेक गाड्या त्या टेकडीवर जातच नाहीत. वेदीवरील सोनेरी कोरीव काम ज्यांच्या हातून उतरले त्या येथल्याच सुतार-शिल्पींचा उल्लेखही कोणी करीत नाही. इन्क्विझिशनचा वाडा आज उभा नाही, पण तो से कथेड्रलसमोरच्या चौकात कोठे होता हे बोट दाखवून सांगता येते. फ्रेंच वैद्य देलाँ याने आपल्या कैदेची हकीकत 1687 मध्ये प्रसिद्ध केली, आणि आपल्या अनंत काकबा प्रियोळकरांनी 1961 मध्ये या विषयावर ग्रंथ लिहून ठेवला आहे. म्हणजे साधने हाताशी आहेत. ती वाचण्याचे कष्ट तेवढे घ्यावयाचे राहिले आहेत.

मग वाटाड्या निवडावा कसा? प्रथम त्याच्या कमाईचा स्रोत पाहावा. ‘फुकट दाखवितो’ किंवा अगदी नाममात्र पैसे घेतो म्हणणाऱ्याची भरपाई कोठेतरी होतच असते. ती काजूच्या, मसाल्याच्या नाहीतर शोभेच्या वस्तूंच्या दुकानात होते, आणि दुकानात गेलेला तास इतिहासातून वजा होतो. तेव्हा रक्कम किती, वेळ किती, माणसे किती, दुकान वाटेत आहे की नाही, हे निघण्यापूर्वीच ठरवावे. वीसपंचवीस माणसांचा घोळका असेल तर मागच्यांना पाठी दिसतात, भिंती दिसत नाहीत. पाचसात जणांनी मिळून एक चांगला, नोंदणी झालेला वाटाड्या अर्ध्या दिवसासाठी केला तर तो माणशी फार महाग पडत नाही. टॅक्सीवाला कितीही गोड बोलला तरी त्याने गाडी हाकावी. दोन्ही कामे एकाकडून चांगली होणे विरळा.

त्यानंतर त्याची परीक्षा घ्यावी, आणि तीही संकोच न करता. त्याला विचारावे, 1510 पूर्वी हे शहर कोणाचे होते? गोवा वेल्हा आणि जुने गोवे एकच का? गोवा वेल्हा म्हणजे जुवारीकाठचे कदंबांचे गोपकपट्टण, आणि जुने गोवे मांडवीकाठचे. नावांचा अर्थ एक, गावे दोन. विजरईची कमान वास्को द गामाने बांधली का? कमानीवर पुतळा वास्कोचा आहे खरा, पण तो 1524 मध्येच वारला. कमान त्याचा पणतू फ्रान्सिस्को द गामा याच्या कारकिर्दीत, शतकाच्या अखेरीस उभी राहिली. यांतल्या एखाद्या प्रश्नावर ‘ते मला नक्की ठाऊक नाही’ असे कोणी म्हणाला, तर त्याला नापास करू नये. तसे म्हणण्याचे धैर्य असणारा मनुष्य बाकीचे खरे सांगण्याचा संभव अधिक.

सरकारच्या पदरातही काही माप घातले पाहिजे. पर्यटन व्यवसायाच्या नोंदणीचा कायदा या प्रदेशात 1982 पासून आहे. नोंदवही ठेवली म्हणजे कर्तव्य संपले असे नव्हे. नोंदलेल्या वाटाड्यांची नावे, भाषा आणि दर चौकातच ठळक फलकावर लावावेत. त्यांना दर दोनतीन वर्षांनी इतिहासाच्या जाणकारांपुढे बसवावे. एळा आणि दिवाडीच्या तरुणांना या कामात अग्रक्रम द्यावा, कारण आपल्या गावाची अब्रू परक्यापेक्षा गावकऱ्याला अधिक कळते. मराठी आणि कोंकणी बोलणारे वाटाडे पुरेसे असावेत. 1986 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या या वास्तूंना अर्ध्या तासात गुंडाळणाऱ्या गाड्यांना किमान दोन तास थांबण्याचा दंडक घालावा. यांत कोट्यवधींचा खर्च नाही. इच्छा मात्र हवी.

पण सरकारला सांगून आपण सुटत नाही. पाहुण्यांचे सोडा, आपल्यापैकी किती जणांनी सेंट ऑगस्टीनची टेकडी चढली आहे? पुढच्या रविवारी मुलाबाळांना घेऊन जावे. विजरईच्या कमानीतून मांडवीच्या धक्क्यावर उतरावे, फेरीबोटीने दिवाडीला जावे, नारव्याला सप्तकोटेश्वराचे मूळ स्थान पाहावे. तिथून दुसऱ्या फेरीने पलीकडच्या नार्व्याला जावे. कदंब राजे ज्याचा वरप्रसाद आपल्या बिरुदात मिरवीत, तो देव पोर्तुगीजांच्या हातून निसटून तेथे स्थिरावला. शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये त्याचे देऊळ पुन्हा बांधविले, आणि 2023 मध्ये त्याचा जीर्णोद्धार होऊन ते पुन्हा खुले झाले. दोन फेऱ्यांच्या त्या अंतरात चारशे वर्षांचा गोवा सामावला आहे. तो दाखविणारा चांगला वाटाड्या मिळाला तर सोन्याहून पिवळे. न मिळाला तर दोन पुस्तके वाचून आपणच आपल्या मुलांचे वाटाडे व्हावे. आपल्या गावाची गोष्ट दुसऱ्याने चुकीची सांगितली म्हणून रागावण्याचा अधिकार, ती बरोबर सांगता येणाऱ्यालाच असतो.