आधी सगळ्यात लहान होडीला विचारा

"एकटा जाऊ नकोस, चार जणांबरोबर जा." पाण्यात उतरायचं म्हटलं की आपल्याकडे हा सल्ला हमखास मिळतो. मला तो आईपासून मालवणच्या आत्येभावापर्यंत सगळ्यांनी दिला आहे, आणि मी तो पाळतोही. पण हवामानाचा भरवसा नसेल तेव्हा हा सल्ला अर्धाच आहे, असं माझं मत होत चाललंय. उरलेला अर्धा असा: ज्या चार जणांबरोबर जाणार, त्यांच्यात "आज मी येत नाही" हे न लाजता म्हणता आलं पाहिजे. ते म्हणता येत नसेल तर एकट्याने गेलेलं बरं. एकटा माणूस निदान स्वतःच्या अकलेने परत फिरतो.

(नातेवाईक मंडळींसाठी आधीच सांगून टाकतो: पुढे वादळ आहे, पण सगळे सुखरूप घरी आहेत. आई, शेवटपर्यंत वाच.)

हे सगळं डोक्यात आलं ते जूनमधल्या सहलीमुळे. माझ्याकडे सोळा फुटी शिडाची होडी आहे. ट्रेलरवर चढवायची, गाडीला जोडायची आणि मेरीलँडमधल्या कुठल्याही धक्क्यावर पाण्यात सोडायची. आमच्यासारख्यांचा एक गट आहे. १४ ते २२ फुटांच्या होड्या, कुणी स्वतः बांधलेली, कुणी जुनी विकत घेतलेली. या वेळी बेत होता वेस्ट रिव्हरमधून निघून चेसापीक उपसागर ओलांडायचा, केंट बेटाच्या दक्षिण टोकाला वळसा घालून वाय नदीत शिरायचं, दोन रात्री तिथे नांगर टाकून राहायचं आणि रविवारी परत. एका बाजूचं अंतर अठरा-एक सागरी मैल. नऊ होड्यांनी नावं दिली होती. माझ्याबरोबर माझी बारा वर्षांची लेक होती.

चेसापीकबद्दल थोडं सांगायला हवं. लांबी साधारण ३२० किलोमीटर, पण सरासरी खोली जेमतेम साडेसहा मीटर. इतक्या उथळ पाण्यात वारा वाढला की लाटा उंच होत नाहीत, पण आखूड आणि उभ्या होतात. दक्षिणेचा वारा आणि समोरून ओहोटीचं पाणी अशी गाठ पडली की सोळा फुटी होडीला एका लाटेवरून उतरून सावरायच्या आत दुसरी येऊन धडकते. त्यात उन्हाळ्यातल्या दुपारी पश्चिमेकडून गडगडाटी वादळं येतात. आपल्याकडच्या वळवासारखीच, आधी घुसमट आणि मग एकदम सगळं. आमच्या होडीचा वेग चार-पाच नॉट, तर वादळांची रांग तीस नॉटनेही येऊ शकते. तिच्यापुढे पळून जाणं हा पर्यायच नसतो.

शुक्रवारचा अंदाज असा होता: नैर्ऋत्येचा वारा १० ते १५ नॉट, झोत २० पर्यंत, दुपारी गडगडाटी पावसाची शक्यता ४० टक्के. हे ४० टक्के फार फसवे असतात. दिवसातला ४० टक्के वेळ पाऊस, असा त्याचा अर्थ नाही. त्या टापूतल्या कुठल्याही एका ठिकाणी मोजता येण्याइतका पाऊस पडण्याची शक्यता तेवढी, एवढंच. पाऊस आलाच तर त्याबरोबर वारा किती येईल, याबद्दल तो आकडा काहीच बोलत नाही. आणि आम्हाला भीती पावसाची नसतेच, वाऱ्याची असते. वारा दहाचा वीस नॉट झाला की शिडावरचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो.

आता अशा दिवशी "आपण नऊ जण आहोत" या गोष्टीचा नेमका उपयोग काय? काही उपयोग नक्की आहे. रेडिओवर बोलायला कुणीतरी असतं. कोण कुठे जाणार हे दुसऱ्याला माहीत असतं. कुणाचं छोटं इंजिन रुसलं तर दोरी टाकणारा सापडतो. जुन्या माणसांना कुठली खाडी कुठल्या वाऱ्यात आडोशाची, हे तोंडपाठ असतं.

पण प्रत्यक्ष वादळ अंगावर येतं तेव्हा दुसरी सोळा फुटी होडी तुम्हाला वाचवू शकत नाही. ती स्वतःलाच वाचवत असते. ऑगस्ट १९७९ मध्ये इंग्लंडहून निघालेल्या फास्टनेट शर्यतीत ३०३ होड्या होत्या, आमच्यापेक्षा कितीतरी मोठ्या. तरी वादळात १५ स्पर्धक गेले, आणि इतरांना सोडवायला हेलिकॉप्टरं, लाइफबोटी आणि मोठी जहाजं लागली. २५ एप्रिल २०१५ ला अलाबामातल्या मोबाइल बेमध्ये डॉफिन आयलंडच्या शर्यतीवर दुपारी वादळांची रांग आली. तिथलं पाणी चेसापीकसारखंच उथळ, होड्या शंभरावर. वारा ताशी ७० मैलांच्या पुढे गेला आणि सहा माणसं दगावली. शर्यत वेगळी आणि आमच्यासारखी रमतगमत केलेली सहल वेगळी, हे मान्य. पण आजूबाजूला खूप शिडं दिसताहेत म्हणून वारा कमी लागत नाही, हे दोन्हीकडे सारखंच.

उलट घोळक्यामुळे एक नवा धोका तयार होतो, आणि माझ्या मते तो वाऱ्याइतकाच मोठा आहे. सगळ्यांनी रजा टाकलेली असते, तीन तास गाडी हाकलेली असते, आणि प्रत्येकजण दुसऱ्याकडे बघत असतो. तो चाललाय म्हणजे ठीकच असेल! तो माझ्याकडे बघून तेच म्हणत असतो. नऊ जणांनी मिळून एक निर्णय घेतलेला असतो, आणि तो खरं तर एकानेही घेतलेला नसतो.

मी पूर्वी दुसऱ्या एका गटाबरोबर जात असे. तिथे एकदा एक गृहस्थ अर्ध्यातून परत फिरले. पुढचा आठवडाभर ईमेलवर त्यांच्यावर विनोद चालले होते. विनोद तसे साधेच, कुणाचा हेतू वाईट नव्हता. पण पुढच्या सहलीला वारा वाढला तेव्हा ते परत फिरले नाहीत. होडीत घोट्यापर्यंत पाणी, बायको पांढरीफटक, आणि शेवटी त्यांना ओढून आणावं लागलं. त्या दिवशी ते वाऱ्याला नाही, आमच्या विनोदांना घाबरले होते. मी तो गट सोडला.

आताच्या गटाचे म्होरके सत्तरीतले निवृत्त शिक्षक आहेत. शुक्रवारी पहाटे साडेपाचला धक्क्यावर त्यांनी सगळ्यांना गोळा केलं. "कोण कोण येतंय?" असं त्यांनी विचारलंच नाही. सगळ्यात लहान होडीवाल्याला विचारलं, "तुम्ही आज काय करणार?" मग त्याच्याहून मोठ्याला, असं करत शेवटी स्वतःची बावीस फुटी. आधी मोठा बोलला असता तर लहानांना मान डोलवण्यावाचून काही उरलं नसतं. इथे चौदा फुटीवाला पहिल्याच झटक्यात म्हणाला, "मी पाण्यातून येत नाही. होडी ट्रेलरवर ठेवतो, बे ब्रिजवरून रस्त्याने सेंट मायकल्सला येतो आणि तिथे पाण्यात सोडतो." दुसरा म्हणाला, मी घरी जातो. कुणी कारण विचारलं नाही. ते ऐकल्यावर माझा स्वतःचा हिशेब मला जास्त प्रामाणिकपणे करता आला. लेक बरोबर आहे, शीड आधीच रीफ घेऊन लहान करायचं, सहाला निघायचं म्हणजे दुपारच्या आत आत शिरता येईल.

आणखी एक गोष्ट ठरली. जहाजांच्या मुख्य मार्गात शिरण्याआधी प्रत्येकाने पुन्हा एकदा विचार करायचा. याला कारण आहे. नैर्ऋत्येचा वारा आम्हाला जाताना पाठीमागून मिळणार होता. वारा पाठीशी असला की होडी मजेत पळते, वारा जाणवतही नाही, आणि परतीचा प्रत्येक मैल मात्र अवघड होत जातो. म्हणून परत फिरायची जागा घाटावरच ठरवून घ्यायची. तिथे पोचल्यावर एकाचं इंजिन सुरू होईना. त्याने रेडिओवर दोन वाक्यांत सांगितलं आणि वळला. "छान, पोचलात की कळवा," एवढंच उत्तर गेलं.

आम्ही सहा होड्या साडेअकराच्या सुमाराला वाय नदीत शिरलो आणि वाय बेटालगतच्या डिव्हायडिंग क्रीकमध्ये झाडांच्या आडोशाला नांगर टाकले. रस्त्याने आलेला तासाभरात सेंट मायकल्सहून येऊन पोचला, वर दोन पिशव्या बर्फ आणि एक कलिंगड घेऊन. दुपारी पावणेचारला पश्चिमेचं आकाश शाईसारखं झालं. वीसेक मिनिटं काही दिसत नव्हतं. एकाचा नांगर सरकला, त्याने आणखी दोरी सोडली, नांगर पुन्हा धरला. लेक माझा दंड घट्ट धरून बसली होती. हेच आम्ही मोकळ्या पाण्यात, भर शिडात असतो तर? तो विचार मी अजून पूर्ण केलेला नाही.

कुणी म्हणेल, असं प्रत्येकाच्या मनावर सोडलं तर सहली होणारच नाहीत, हवामान स्वच्छ असेल तेव्हाच जा ना. पण इथल्या उन्हाळ्यात दुपारच्या गडगडाटाचा अंदाज इतक्या वेळा असतो की स्वच्छ आठवड्याची वाट बघत बसलं तर होडी अंगणातच कुजेल. शिवाय लहरी हवामान वाचायला माणूस जुन्याजाणत्यांच्या संगतीतच शिकतो. म्हणून माझं म्हणणं न जाण्याचं नाही. जरूर जावं, पण नकाराला जागा ठेवून जावं.

आपल्या कोकणात ही जागा परंपरेनेच करून ठेवली आहे, असं मला आता वाटतं. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय होड्या बाहेर काढायच्या नाहीत. आता पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै सरकारी मासेमारी बंदीही असते. लहानपणी मला ती निव्वळ पूजा वाटायची. पण त्यात किती शहाणपण आहे बघा! अख्खं बंदर थांबलेलं असताना एकट्यादुकट्याला भित्रा कोण म्हणणार? पोटासाठी समुद्रात जाणाऱ्यांनीसुद्धा थांबण्यातली लाज अशी काढून टाकली. आम्ही तर हौसेखातर जाणारे. आमच्या जूनमध्ये नारळी पौर्णिमा नाही, तेव्हा दर सकाळी धक्क्यावर ती आपली आपणच करून घ्यायची.

तेव्हा मंडळी, होडीचं सोडा. ट्रेक असो, घाटातली पावसाळी बाइक सहल असो, तुमच्या ग्रुपमध्ये मागच्या वेळी कोण परत फिरलं होतं, आणि त्याला तुम्ही काय म्हणालात? जरा आठवून बघा आणि सांगा. आमची पुढची फेरी सप्टेंबरात आहे. घरी गेलेल्या गृहस्थांनी पहिलं नाव दिलंय. :-)