दोन्हीकडची कुलपे

शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी खांद्यावर घेण्यासाठी रत्नागिरी जिल्ह्यातील कित्येक गावे आज मुंबईच्या गाडीकडे डोळे लावून बसतात. चाकरमान्यांच्या श्रद्धेचे या निमित्ताने कौतुक होते, आणि ते रास्तच आहे. पण पालखी उचलणारे खांदे गावात उरलेले नाहीत, हे दुखणे त्या कौतुकात झाकले जाते.

२००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर उतरली. सिंधुदुर्गातही घट झाली. ‘माणसे मुंबईला गेली’ हे ठरलेले उत्तर येथे अपुरे पडते. कारण गिरगाव, दादर, परळ, लालबाग ज्यात येतात, त्या मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्याही त्याच दशकात ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर आली. फुगला तो तेव्हाचा अविभक्त ठाणे जिल्हा : ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर.

गिरणगावाने कोकण ओस पाडले, असा एक समज आहे. वस्तुतः गिरणगावानेच ते तगविले. गिरणीत पुरुष एकटा येई. एका खोलीत एकाच गावचे गडी पाळीपाळीने झोपत, खानावळीत जेवत. पगार झाला की मनिऑर्डर निघे. शाळेची कौले आणि देवळाचा जीर्णोद्धार त्या खोलीतच ठरे. मागे शेत, गुरे आणि म्हातारी माणसे सांभाळीत ती स्त्री. २००१ मध्येही रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११३६ स्त्रिया होत्या. (मंडळांच्या स्मरणिकांत मात्र छायाचित्रे पुरुषांचीच!)

१८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपाने ही घडी विस्कटली. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर उठले, चाळींतील खोल्या विकल्या गेल्या. खोली विकणारा गावी परतला नाही; तो डोंबिवली, विरार, बदलापूरला गेला, आणि या वेळी बायकामुलांसह. गावच्या घराला कुलूप लागले ते तेव्हा. एकटा चाकरमानी गावचा राहतो. सहकुटुंब गेलेला पाहुणा होतो.

आता सातबारावर हिस्सेदारांची रांग, कसणारा कोणी नाही. भावाभावांना एकत्र बसायला सवड होत नाही. जमीन घेऊ पाहणारा दलाल मात्र प्रत्येकाचा पत्ता शोधून काढतो. समाजसंघटनेचे व्रत घेतलेल्यांनी हे काम आपले मानले पाहिजे. गावोगावच्या मंडळांच्या सभा आजही दादर-परळला भरतात. तेथे सभामंडपाच्या फरशीआधी सामाईक जमिनीच्या वाटणीचा विषय यावा.