गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वी

माझ्या एका सहकाऱ्यांच्या ऑटोमॅटिक मोटारीला गेल्या वर्षी एक खोड जडली. दांडा ‘डी’वर आणला की दोन-तीन सेकंद काहीच होत नसे आणि मग गाडी हिसका देऊन निघे. एका गॅरेजमध्ये सांगण्यात आले, “गिअरबॉक्स उतरवावा लागेल.” खर्चाचा आकडा ऐकून सहकाऱ्यांनी दुसरे गॅरेज गाठले. तिथल्या मेकॅनिकने पान्याला हात न लावता आधी प्रश्न विचारले. गाडी गार असतानाच असे होते की तापल्यावरही? पुढे जातानाच की मागे घेतानाही? एकाच गिअरला की सगळ्यांना?

या प्रश्नांमागे भौतिकशास्त्र आहे. अशा गिअरबॉक्समधले क्लच पायाने नव्हे, तेलाच्या दाबाने चालतात. पंप तेलाला दाब देतो, झडपा ते हव्या त्या क्लचकडे सोडतात आणि पास्कलच्या नियमानुसार तो दाब दट्ट्यावर पडून क्लचच्या चकत्या एकमेकींना घट्ट धरतात. तेल दाबल्याने जवळजवळ आकसत नाही, म्हणून हे काम चटकन होते. तेल कमी झाले तर पंप हवाही ओढतो आणि तेलाला फेस येतो. हवा मात्र आकसते. मग दाब उशिरा चढतो, चकत्या आधी घसरतात आणि नंतर एकदम धरतात. नुसत्या गारठ्यानेही तेलाची श्यानता वाढून ते मंद वाहते. म्हणून पहिला प्रश्न. त्रास सगळ्याच गिअरांना असेल तर कारण समाईक असण्याचा संभव अधिक : तेल, पंप किंवा दाब. एकाच गिअरला असेल तर त्याचा क्लच किंवा त्याची झडप पाहायची. हल्ली या झडपांवर संगणकाची नजर असते. त्याने नोंदलेला दोषांकही उत्तर नव्हे. कोठे शोधावे याची ती खूण असते.

सहकाऱ्यांच्या गाडीत त्रास सगळीकडे होता. मेकॅनिकने गाडी सपाट जागी उभी केली, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे तेल तापू दिले आणि मापनपट्टी बाहेर काढली. तेल कमी होते. पण रंग लाल, करपट वास नाही. ते काळपट आणि करपलेले असते, तर चकत्या झिजल्याचा संशय घेऊन गिअरबॉक्स खरोखरच उतरवावा लागला असता. तेल ओतून तो थांबला नाही. हे तेल इंधनासारखे खर्च होत नाही. कमी झाले म्हणजे बहुधा गळले. शोध घेता तेल थंड करणाऱ्या नळीचा सांधा पाझरताना सापडला. तो दुरुस्त करून योग्य प्रतीचे तेल भरले आणि गाडी फिरवून पाहिली. हिसका गेला होता.

आता आपल्या प्रयोगशाळेत डोकावू या. लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरण ९८० च्या आसपास यायला हवे, हे सर्वांना आधीच ठाऊक असते. मग वाचने हळूहळू तिकडे ओढली जातात आणि प्रामाणिकपणे ९४० लिहिणाऱ्याचे गुण जातात. अशा जर्नलांवर मीही सह्या केल्या आहेत, हे कबूल करतो. मेकॅनिकला ही सवलत नसते. त्याने वाचन बदलले तरी गाडी बदलत नाही.

म्हणून शिक्षकांना माझी सूचना आहे. वर्षातून एक तरी प्रयोग दोष शोधण्याचा ठेवा. विद्यार्थ्याला न पेटणारा दिव्याचा मंडल द्या. घट उतरलेला असेल, तार आतून तुटलेली असेल, दिवा गेलेला असेल. त्याने प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलावी आणि का बदलली, काय दिसले, त्यावरून कोणती शंका फिटली, ते लिहावे. गुण कसे द्यावेत, असे काही जण विचारतील. गुण उत्तराला नव्हे, या क्रमाला द्यावेत. सोपी, स्वस्त तपासणी आधी आणि खोलाखोली शेवटी, एवढे ज्याच्या वहीत दिसेल, त्याला विज्ञान समजू लागले आहे असे मी म्हणेन; मग दिवा पेटो वा न पेटो.